चार हजार अकरा की साडेचाळीस? सेव्ह केलेल्या रील्स आणि आत्याच्या माळ्यावरची पेटी

या वेळचं पत्र बरंच मोठं होतं, थोडं कापून देतेय:

"ताई, मी ३६ वर्षांची, माहेर सांगली जिल्ह्यातलं, आता पुण्यात. मुलगी झोपली की रात्री दहा ते बारा मी मोबाईलवर असते. पण मी कपडे किंवा भांडणं नाही बघत, मला कसल्या कसल्या भारी गोष्टी सापडतात. बारवा, कोकणातली कातळशिल्पं, गुलाबी झालेलं लोणार, आणि गेलं वर्षभर मोडी, म्हणजे मराठी हाताने लिहायची जुनी लिपी. ११०० च्या वर सेव्ह झाल्यात. नवरा म्हणतो हा सगळा टाइमपास आहे, अंगठा दमला की झोपतेस. मोडीच्या एका रीलमध्ये तिरकी तिरकी जोडलेली अक्षरं बघितली आणि एकदम आठवलं की आत्याच्या माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असलेच कागद होते, लहानपणी आम्ही त्यांना 'कोंबडीचे पाय' म्हणायचो. दिवाळीत गेले तेव्हा पेटी काढायला लावली. एका कागदाचा फोटो काढला, वर राजाचं डोकं असलेला शिक्का, खाली मला ४०११ आकडा वाचता आला. मी उत्साहात बोलून गेले की पणजोबांनी कुणाला तरी चार हजार रुपये दिले होते, जमीन गहाण असणार. आतेभावाचा चेहराच बदलला. त्याला वाटलं मी वाटणीचं काहीतरी उकरायला आले. पेटी परत माळ्यावर गेली. त्यातच मी फॅमिली ग्रुपवर एक रील टाकली होती, हेमाडपंताने मोडी लंकेहून आणली, इतिहासात लपवलेलं सत्य वगैरे. काका रिटायर्ड शिक्षक आहेत, सगळ्यांसमोर विचारलं पुरावा काय. मी ग्रुपच सोडला. आता खरं सांगा, ही माझी आवड आहे का नुसतं व्यसन? आणि त्या कागदांचं काय करू?"

अगं, आधी तो आकडा.

तू फोटो जोडलास हे फार बरं केलंस. मी काही वर्षांपूर्वी मोडीचा छोटा वर्ग केला होता, फार सफाईने नाही येत वाचता, म्हणून माझ्या तेव्हाच्या सरांना पण दाखवला आणि मग हे लिहितेय. तो आकडा ४०११ नाहीये. तो ४०॥ आहे. चाळीसच्या पुढे ज्या दोन उभ्या रेघा आहेत ना ते अकरा नाहीत, ते दोन दंड आहेत, म्हणजे निम्मा रुपया. एक दंड असेल तर पाव, दोन असतील तर अर्धा, तीन असतील तर पाऊण. जुन्या हिशोबात रुपयाचे सोळा आणे, त्यामुळे एक दंड म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. तर तुझ्या पणजोबांच्या कागदातली रक्कम आहे चाळीस रुपये आठ आणे, साडेचाळीस. आणि अजून एक, जेवढं वाचता आलं त्यावरून पैसे त्यांनी दिलेले नाहीत, घेतलेत. तो कर्जरोखा आहे, लिहून देणारे तुझे पणजोबा आहेत. जमिनीचा उल्लेख त्या पानावर तरी दिसत नाही, मागचं पान तू पाठवलं नाहीस.

म्हणजे बघ काय झालं, दोन दंड अकरा म्हणून वाचले गेले आणि त्यावरून घरात दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. यात तुझी चूक आहे असं मला वाटत नाही, ज्याला मोडी शिकवलेलीच नाही तो त्या दोन रेघांना अकराच म्हणणार. पण आतेभावाला आजच्या आज फोन कर, मेसेज नको, फोन. "अरे मी चुकीचं वाचलं होतं, चार हजार नाही साडेचाळीस रुपये आहेत आणि ते पण पणजोबांनी घेतलेलं कर्ज आहे" एवढं सांग. गावाकडे कागद या शब्दालाच लोक घाबरतात गं, कुणी पुण्याहून येऊन माळ्यावरचे कागद मागायला लागलं की पहिला विचार सातबाराचाच येतो, आणि त्यात त्याचं काही वाईट नाही, तो तिथे राहतोय, जमीन तो कसतोय, त्याला धास्ती वाटणारच.

आता आवड का व्यसन.

मी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मला एक गोष्ट दिसली जी तू सहज लिहून पुढे गेलीस. ११०० गोष्टी सेव्ह केल्यात पण उठून पेटी काढायला लावलीस ती एकाच गोष्टीसाठी. बाकीच्या १०९९ ने तुला जागचं हलवलं नाही. त्या वाईट आहेत असं नाही, लोणार खरंच २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं आणि ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे झालं होतं हे कळणं छानच आहे, कळलं, आनंद झाला, पुढे गेलो, एवढंच त्याचं काम. पण मोडी तुला आत्याच्या घरापर्यंत घेऊन गेली. ही आवडच आहे, मला यात शंका नाही. रात्रीचे दोन तास मात्र आवडीचे नाहीत, ते फोनचे आहेत. तू जे जास्त वेळ बघतेस त्याच्यासारखंच अजून तुझ्यापुढे येत राहतं, आणि ते सगळं सारखंच गोड लागतं, त्यामुळे मोडीची दहावी रील पण नवीन काही शिकवत नसते, फक्त ओळखीचं बघितल्याचं समाधान देते. तू वर्षभर मोडीच्या रील बघितल्यास आणि तरी दंड अर्ध्या रुपयाचे असतात हे त्यातून तुझ्यापर्यंत आलं नाही. मला त्या रील बनवणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत, तीस सेकंदात ते दाखवू शकतात, शिकवू नाही शकत.

माझ्याबाबतीत कातळशिल्पांचं असंच झालं होतं म्हणून सांगते. फोनवर कशेळीच्या हत्तीचा फोटो बघितला, राजापूर तालुक्यातलं कशेळी, वरून ड्रोनने काढलेला, अख्खा हत्ती, काय सुंदर. महिनाभर मी तो लोकांना दाखवत फिरले. मग एकदा रत्नागिरीला कामाने गेले होते तेव्हा वाट वाकडी केली. तिथे उभं राहिलं ना की हत्ती दिसतच नाही! साधारण अठरा मीटर लांबीचं चित्र आहे ते, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर कोरलेलं, आपण त्याच्या शेजारी उभे असतो तेव्हा फक्त चर दिसतात, हा पाय असेल का, ही सोंड असेल का करत कडेकडेने चालायचं, आणि मग लक्षात येतं की त्या मोठ्या हत्तीच्या आत लहान लहान प्राणी आहेत, मासे आहेत. ज्यांनी ते कोरलं त्यांनी कधी वरून बघितलंच नसणार. मी तिथे किती वेळ होते मला आठवत नाही, पाय भाजत होते एवढं आठवतंय. फोटोतून मला हत्ती मिळाला होता पण तो इतका मोठा आहे की कोरणाऱ्यालाही पूर्ण दिसला नसेल, हे तिथे गेल्यावरच कळलं. आता ती शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, २०२२ पासून, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा मिळून नऊ ठिकाणं. पण त्याच्या कितीतरी आधी रत्नागिरीतली काही मंडळी सुट्टीच्या दिवशी सडेच्या सडे पायी तुडवत, गुराख्यांना विचारत ती शोधत होती, त्यातली काहीच गावाला माहीत होती आणि तिथे त्यांची पूजा पण व्हायची. त्यांनी चालून शोधलं म्हणून तुझ्यामाझ्या फोनवर आलं.

तर ११०० मधलं काही डिलीट कर असं मी सांगणार नाही, राहू दे. फक्त मोडीचं वेगळं काढ आणि रात्रीच्या दोन तासातला अर्धा तास रील न बघता वही घेऊन बस, बाकीचं तुझं तू बघ.

लंकेचं प्रकरण. काकांनी सगळ्यांसमोर विचारलं ते तुला लागलं, कळतंय, पण त्यांनी प्रश्न बरोबर विचारला. आणि उत्तर पण तितकं वाईट नाहीये. हेमाडपंत म्हणजे देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला, त्याने मोडी लंकेहून आणली ही आख्यायिका खरंच जुनी आहे, रीलवाल्याने मनाने रचलेली नाही. पण ती आख्यायिका आहे, तिला पुरावा नाही. नागरी अक्षरंच भराभर, हात न उचलता लिहायला लागले आणि ती वळत, मोडत गेली म्हणून मोडी, हे जास्त पटण्यासारखं आहे. तू ग्रुपवर परत जा आणि एवढंच लिही की काका, तुमचं बरोबर आहे, ती दंतकथा आहे, मी तपासलं नव्हतं. आणि मग काकांना विचार की त्यांच्या वडिलांना मोडी यायची का. मला जवळजवळ खात्री आहे की यायची, कारण १९५० च्या आसपासपर्यंत आपल्याकडे रोजचं लिखाण मोडीत व्हायचं, पुस्तकात छापायचं ते बाळबोध म्हणजे आपली आत्ताची देवनागरी, आणि हाताने लिहायचं ते मोडी. काकांनी वडिलांची मोडीतली सही बघितली असेल. रिटायर्ड शिक्षक आहेत, त्यांना कुणी असं काही विचारतच नसेल गं, तुला याच्यात सोबत हवी असेल तर तेच सगळ्यात बरे.

एक खूण लक्षात ठेव रील बघताना. जुना कागद दाखवतात पण तो कुठला, कुठल्या दफ्तरातला, काय तारखेचा हे सांगत नाहीत आणि वरून आवाजात भलतंच काहीतरी सांगतात, तेव्हा थांबायचं. कागद खरा असतो, गोष्ट त्याची नसते. "लपवलेलं सत्य" म्हणतात तेव्हा तर नक्कीच. मोडीचे कागद कुणी लपवलेले नाहीत, पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल पडलेत, रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे ढीग आहेत, वाचणारे कमी पडतात एवढंच खरं आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा ठिकठिकाणी मोडी वाचणारी माणसं शोधत बसावं लागलं सरकारला, आठवतंय ना.

आता पेटी. इथे मी जरा सविस्तर लिहिते कारण इथे घाई केली तर नुकसान होतं आणि ते भरून येत नाही.

आत्याला आधी फोन, मग आतेभावाला, आणि त्याच्या समोरच पेटी उघडायची, त्याच्याच घरात. कागद पुण्याला आणायचे नाहीत. एक पण नाही. तू फोटो काढणार, आणि तेच सगळे फोटो त्याच्या फोनवर पण टाकणार, हे आधीच सांगून टाक. त्याला कळलं की जे तुझ्याकडे आहे तेच त्याच्याकडे आहे तर अर्धी भीती जाते. आणि वाचून जे निघेल ते पण दोघांना एकदमच सांगायचं, आधी तुला मग त्याला असं नको.

कागद ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ठेव, एकत्र बांधलेलं सोडलंस तर परत तसंच बांध, कारण कुणीतरी ते एकत्र का बांधलं होतं यालाही अर्थ असतो, एका व्यवहाराचे सगळे कागद एका दोऱ्यात असतात. घडी कडक झाली असेल तर जोर करून उलगडू नकोस, चिरतो कागद. दिवसा, खिडकीजवळ, फ्लॅश बंद, कागद सपाट चादरीवर, पुढची मागची दोन्ही बाजू (मागची राहू देऊ नकोस, पावती झाल्याची, पैसे फिटल्याची नोंद बरेचदा मागेच असते, आणि पणजोबांचं ते कर्ज फिटलं का नाही हे मला पण जाणून घ्यायचंय). सेलोटेप लावायची नाही. लॅमिनेशन तर अजिबात करू नकोस, मी एका घरात लॅमिनेट केलेलं जुनं पत्र बघितलंय, आत अक्षरं तपकिरी होऊन चाललीत आणि आता काही करता येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत पण नको, ओल धरते. धुतलेल्या सुती कापडात बांधायचं, रुमालच करायचा, आणि पेटीला गंज असेल तर आत जाड कापड घालून मग ठेवायचं. कसर लागलेले कागद दिसले तर ते वेगळे बांध.

कुणी जुने कागद विकत घेतो म्हणून दारावर येतात त्यांना देऊ नका हे आत्याला आवर्जून सांग. आणि पूर्ण कागद सोशल मीडियावर टाकू नकोस, त्यात फक्त तुमचं घर नाहीये, ज्याच्याकडून कर्ज घेतलं त्याचं घर आहे, साक्षीदार आहेत, त्यांची नातवंडं त्याच गावात असतील आणि कुणाचा पणजा सावकार होता आणि कुणाचा कर्जदार हे असं फोनवर कळणं कुणालाच आवडणार नाही.

शिकायचं कसं विचारलं नाहीस पण शिकणारच आहेस तू. पुण्यात आहेस म्हणजे सोपं आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे, मोडीचे वर्ग भरत असतात, चौकशी कर. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९१० मध्ये जी संस्था काढली ती हीच. हा माणूस गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यांवरचे, बुरुडाच्या टोपल्यांतले, रद्दीला चाललेले असलेच कागद गोळा करायचा, १८९८ मध्ये त्या कागदांचा, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा, पहिला खंड छापला आणि पुढे २२ पर्यंत नेले. तुझ्या आत्याच्या पेटीसारख्या पेट्यांतूनच आपला बराचसा इतिहास आलाय गं, लढायांच्या पलीकडचा, कोणी किती कर्ज घेतलं, बैल कितीला विकला, लग्नात काय दिलं घेतलं, हा सगळा.

सुरुवातीला दमायला होईल. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातात, शब्द कुठे संपला हे दाखवायला जागा सोडत नाहीत, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व दीर्घाचा भेद नाही, वेलांटी सगळी दीर्घ आणि उकार सगळे ऱ्हस्व. शब्द तोडून पहिलं अक्षर लिहून पुढे दंड मारून मोकळे, म्हणजे दंड दिसला की तो पैशाचाच असेल असं पण नाही, आकड्याच्या पुढे आहे का अक्षराच्या पुढे आहे ते बघायचं. म्हणून अक्षर अक्षर लावत बसू नकोस, आधी तुला माहीत असलेलं शोध. तुमच्या गावाचं नाव, आडनाव, पणजोबांचं नाव. कर्जरोख्यात ते नक्की असणार आणि तीन चार वेळा असणार. ते एकदा सापडलं की त्यातल्या सहा सात अक्षरांची वळणं हातात येतात आणि मग त्यावरून पुढचं सुटत जातं. मी पहिल्यांदा माझ्या आजोळच्या गावाचं नाव असं वाचलं होतं, एका सारा भरल्याच्या पावतीवर, आणि वर्गात सगळ्यांसमोर डोळ्यात पाणी आलं होतं.

फार जुनं काही निघेल अशी आशा लावून जाऊ नकोस. राजाचं डोकं असलेला स्टँप म्हणजे इंग्रजी अमलातला कागद, १९०१ च्या नंतरचा, कारण त्याच्या आधी राणी होती. शिवकालीन, पेशवेकालीन असं काही घराघरात नसतं, रोखे, गहाणखतं, पावत्या, वाटणीपत्रं, पाहुण्यांची पत्रं हेच असतं. मला विचारशील तर त्या पाहुण्यांच्या पत्रांसाठी जा. एखादी बाई माहेरी काय कळवायची, कुणाकडून लिहून घ्यायची, ते त्यात सापडलं तर मला जरूर कळव.

नवऱ्याचं थोडक्यात सांगते. त्याला रील दाखवून पटवू नकोस, त्याला रीलचाच कंटाळा आलाय. त्याला घेऊन जा आत्याकडे, फोटो काढायला दुसरा माणूस लागतोच, एकाने कागद धरायचा, एकाने काढायचा. मुलीला पण घेऊन जा, नंबर लावायचं काम तिला दे, कागदाच्या शेजारी चिठ्ठीवर एक दोन तीन. कागदावर काहीही लिहायचं नाही, पेन्सिलने पण नाही, हे मात्र तिला आधी सांगून ठेव.

मे महिन्यात मुलीला सुट्टी लागली की लगेच जा, पहिला पाऊस पडायच्या आत. माळा कौलाखाली आहे असं तू लिहिलंयस, मागच्या वर्षी गळला होता का ते आत्याला आजच फोनवर विचार, गळला असेल तर मे पर्यंत पण थांबू नकोस, आतेभावाला सांगून पेटी आत्ताच खाली उतरवून घे. आणि त्या कर्जरोख्याच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठव.